आवाज उजवीकडून येतो

जावयाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणता येत नाही, ही भोंगेकाकांची मोठी अडचण होती. मुलाने आणली असती तर दारातूनच परत पाठवली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. पण हा पडला जावई. तो हसत हसत आत आला, भलंमोठं खोकं दिवाणावर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी." त्यावर सासऱ्याने काय बोलायचं? "कशाला उगाच," एवढंच बोलायचं असतं. तेवढं काका बोलले.

खोक्यात होम थिएटरचा नवा कोरा रिसीव्हर होता. मागून लेक दुसरं खोकं घेऊन आली. त्यातून पाच लहान स्पीकर निघाले आणि एक काळा ठोकळा निघाला. हा ठोकळा फक्त घुमण्यासाठी असतो, असं जावयाने समजावून सांगितलं.

"नुसता घुमतो?" काकूंनी विचारलं.

"हो आई. बाकी काही करत नाही."

"असतात असे," म्हणत काकू चहा टाकायला आत गेल्या. जाताना त्यांनी काकांकडे बघितलं नाही, पण बघितल्यासारखं वाटलं.

काकांचा जन्म लाउडस्पीकर भाड्याने देण्यात गेला होता. सभा, सर्कस, फुटबॉलचे सामने, दुकानांची उद्घाटनं, गर्दीत हरवलेल्या पोरांच्या घोषणा, सगळीकडे त्यांचे भोंगे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. आवाजातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं काका म्हणत. त्यांना कुणी कधी खोडून काढलं नाही, कारण भोंगे त्यांच्याकडे होते. मात्र आवाजाबद्दल ते खोटं कधी बोलत नसत. फाटका भोंगा असला तर गिऱ्हाइकाला आधीच सांगत.

धंदा बंद केला तेव्हा त्यांनी सगळं सामान विकून टाकलं. ठेवला तो एकच, जुना स्टिरिओ रिसीव्हर. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत, बाजूंना खरं लाकूड, पुढे चांदीसारखा चकचकीत पत्रा आणि काचेमागे मधाच्या रंगाचा दिवा. एक नृत्यशाळा बंद पडली तेव्हा तो त्यांच्याकडे आला होता. उचलायला दोन माणसं लागत आणि दोघांनीही नंतर कंबर धरलेली असे. एका बटणाचं एक काम. आवाजाचं बटण फिरवलं की असं जड, सावकाश फिरायचं, की आवाज वाढवणाराही मनातून थोडा मोठा व्हायचा.

रोज संध्याकाळी काका त्याला जोडलेल्या रेकॉर्ड प्लेयरवर एक रेकॉर्ड लावत, दोन्ही बाजू ऐकत. त्यांची खुर्ची खोलीच्या टोकाला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. लाकडी स्पीकर दोन्ही तिथून उजव्या हाताला. पूर्वी खुर्ची मधोमध होती, पण काकांनी ती वर्षानुवर्षं सरकवत सरकवत तिथे नेली होती. तिथूनच नीट ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डावीकडे, खिडकीच्या उजेडात, काकू शिवणटिपण करत बसत आणि काहीबाही बोलत असत.

चहा आला तसा जावई हळूच म्हणाला, "दुकानाची योजना आहे बाबा. जुना द्या, नवा घ्या. दुकानाचा माणूस येईल, नवा नीट चालतोय हे बघेल आणि जुना घेऊन जाईल."

काकांचा कप ओठाजवळच थांबला. "घेऊन जाईल?"

"नवा नीट लागला की. म्हणजे तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात की."

"आणि नाही म्हणालो तर?"

"नाही कशाला म्हणाल?" जावई मनापासून हसला.

काकांनी चहा संपवला. 'ठीक आहे' हे दोन शब्द इतके महाग असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

नवा रिसीव्हर टीव्हीखाली बसवण्यात आला. आकाराने तो जुन्याएवढाच होता, पण काकांनी एका हाताने उचलून पाहिला आणि त्यांना वाईट वाटलं. आतून सगळं काढून घेतल्यासारखा वाटत होता.

"गाण्याला पाच स्पीकर कशाला, जावईबापू?"

"आवाज चहूबाजूंनी येतो बाबा. तुम्ही अगदी मधोमध."

"पण गाणाऱ्याला तोंड एकच असतं ना?"

"हो, पण वातावरणनिर्मिती—"

"वातावरण खिडकीतून येतंच आहे."

"बाबा, ऐकून तरी घ्या," लेक म्हणाली.

वायरी लावायला नव्या रिसीव्हरला मागे भोकं पुष्कळ होती, पण त्यातलं एकही रेकॉर्ड प्लेयरसाठी नव्हतं. त्यासाठी एक वेगळी डबी आणावी लागते. ती जावयाने आणली होती. मग कळलं, की आधी टीव्ही लावला पाहिजे.

"गाणं ऐकायला टीव्ही?"

"फक्त मेनू बघायला."

"मेनू कशाला बघायचा?"

"गाणं लावायला."

 टीव्हीवर हॉल, क्लब, थिएटर, स्टेडियम अशी नावं आली. यातलं तुम्हाला कुठे बसून ऐकायचंय ते निवडा, असं जावई म्हणाला. "घरी नाही का यात?" काकूंनी दारातून विचारलं. जावयाने पुन्हा पाहिलं. घर नव्हतं.

आता खोलीची मोजणी करायची होती. म्हणजे असं, की जिथे माणूस बसणार तिथे एक लहानसा माईक ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढतो, माईकवाटे स्वतःच ऐकतो आणि कुठल्या स्पीकरला किती जोर द्यायचा ते ठरवतो. त्यासाठी काकांची खुर्ची कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि तिच्या पाठीला माईक बांधला.

"आता कुणी बोलायचं नाही," जावई म्हणाला.

खोली शांत झाली. टीव्हीवर आकडे उलटे सरकू लागले. समोर माईक आणि भोवती शांतता, हा प्रसंग काकांच्या आयुष्यात अनेकदा आला होता आणि अशा वेळी काय करायचं हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. ते पुढे झुकले आणि माईकवर टिचकी मारून म्हणाले, "हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

रिसीव्हरने मोजणी थांबवली. खोलीत फार गोंगाट आहे, असं टीव्हीवर लिहून आलं.

दुसऱ्या वेळी काकांनी तोंडावर हात ठेवला होता. पण पाठीमागच्या स्पीकरमधून 'फुस्स' झालं तसे दचकून म्हणाले, "कोण आहे?" तिसऱ्या वेळी लेकीने त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मोजणी पार पडली. जावयाने घाम पुसला आणि काकांना मानाने खुर्चीत बसवून रेकॉर्ड लावली. बासरी होती.

काकांनी डोळे मिटले. प्रामाणिकपणे ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"डावीकडचे बंद आहेत."

"कुठले?"

"डावीकडचे दोन्ही. सगळं उजवीकडून येतंय."

जावयाने डाव्या स्पीकरला कान लावला. स्पीकर चांगला वाजत होता. मागच्यालाही लावला, तोही वाजत होता. तो स्वतः खुर्चीत बसला. त्याला चहूबाजूंनी आलं. लेक बसली, तिला तर बासरीवाला अगदी समोर बसलाय असं वाटलं. पुन्हा काका बसले.

"उजवीकडून," काका म्हणाले. आपण खोटं बोलतोय असं या लोकांना वाटेल, या विचाराने त्यांचा चेहरा पडला. "खरंच सांगतो. मी कशाला खोटं बोलू?"

"बाबा, तुम्हाला जुना द्यायचा नाहीये, म्हणून—"

"आवाजाबद्दल मी खोटं बोललोय का कधी?"

नव्हते बोलले, हे लेकीलाही माहीत होतं. त्यामुळे प्रश्न सुटायच्या ऐवजी अवघड झाला. जावयाने डावीकडच्या वायरी उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे लावल्या. उजवीकडून. खुर्चीची पाठ उंच आहे, ती आवाज अडवत असेल, म्हणून खुर्ची काढून स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं. उजवीकडून. काकांनी चष्मा काढला. उजवीकडूनच, आणि आता टीव्हीही दिसेना.

शेवटी दुकानाच्या माणसाला लवकर बोलावून घेतलं. तो तरुण, हसतमुख, दुकानाचं नाव छापलेला टीशर्ट घातलेला. दारातच त्याची नजर जुन्या रिसीव्हरवर गेली आणि त्याने उगाच त्याच्या लाकडावरून हात फिरवला. ते काकांना आवडलं नाही.

त्याने मोबाइल काढून खोलीभर फिरवला. "पाचही समान आहेत. काही प्रॉब्लेम नाही."

"मोबाइलला येत असेल," काका म्हणाले. "मला उजवीकडून येतंय."

"सगळंच?"

"बासरी, तबला, तुम्ही, सगळंच."

त्या माणसाने भुवया आक्रसल्या. मग म्हणाला, डाव्या खिडकीला जाड पडदा आहे, कापड आवाज पिऊन टाकतं. पडदा काढला. मग डावीकडची कपड्यांची घडवंची बाहेर गेली. उजवीकडच्या कपाटावरून आवाज उलटतो म्हणून कपाट स्वयंपाकघराच्या दारात आडवं आलं. उघड्या भिंतीला गादी उभी केली. काकू आतून येऊ पाहत होत्या. त्यांना कपाटाच्या फटीतून फक्त जावयाचा खांदा दिसला.

"घर बदलताय का?" त्यांनी फटीतून विचारलं.

"नाही आई. आवाज मध्ये आणतोय."

"आला की सांगा. मला पण मध्ये यायचंय."

आता खोलीत पडदा नव्हता, घडवंची नव्हती आणि गादी भिंतीला टेकून उभी होती. या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर काका बसले होते, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. आणि आवाज उजवीकडून येत होता.

दुकानाच्या माणसाच्या डोक्यात एक युक्ती आली. "काका, असं करा. टीव्हीकडे पाठ करून बसा."

काका उलटे वळून बसले.

"आता?"

काकांनी बराच वेळ ऐकलं. "उजवीकडून."

"नीट ऐका काका. मघाशी तुमची उजवी बाजू कपाटाकडे होती. आता ती खिडकीकडे आहे."

"हो की."

"म्हणजे आता आवाज खिडकीकडून येतोय?"

"हो. खिडकीकडून."

"आणि मघाशी कपाटाकडून?"

"तेव्हा कपाटाकडून."

 बासरी आपली वाजत होती. जावई स्टुलाभोवती एक फेरी मारून आला. "म्हणजे आवाज बाबांबरोबर फिरतोय," तो हळू आवाजात म्हणाला.

दुकानाच्या माणसाने इतक्या घरांत यंत्रं बसवली होती, पण माणसाच्या मागे फिरणारा आवाज त्याने पाहिला नव्हता. त्याने मेनू उघडला. मागे फिरण्याचं काही त्यात असेल असं त्याला वाटलं असावं. नव्हतं. "साहेबांशी बोलून येतो," म्हणून तो खाली गेला, जावई त्याच्यामागून गेला. लेक कपाटाच्या फटीतून कशीबशी आत शिरली आणि आईला काय झालं ते सांगायला गेली.

काका एकटे उरले. डोकं पार चक्रावलं होतं. खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. यंत्र सदोष निघालं, म्हणजे ते परत जाणार आणि जुना रिसीव्हर जागचा हलणार नव्हता. पण भोंग्यांच्या धंद्यातलं एक साधं काम त्यांना आठवलं. दोन भोंग्यांतला कुठला मेला हे बघायचं असेल, तर एक बंद करून दुसरा ऐकायचा.

त्यांनी उजव्या कानात बोट घातलं. बासरी थांबली.

पिन उचलली गेली की काय म्हणून त्यांनी वळून पाहिलं. रेकॉर्ड फिरत होती. बोट काढलं, बासरी सुरू. घातलं, बंद. मग डाव्या कानात बोट घातलं. काहीच फरक पडला नाही. काढलं. तरी काही नाही.

सगळा जन्म मशीनपाशी उभं राहण्यात गेला, आणि भोंगा नेहमी डाव्या हाताला. स्टुलावर बसल्या बसल्या काका एकाएकी म्हातारे झाले. आवाजातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस, आणि त्याचा अर्धा आवाज कधी गेला ते त्यालाच कळलं नाही. त्याहून वाईट म्हणजे यंत्रात दोष नव्हता. आवाजाबद्दल खोटं बोलायचं नसेल, तर आता 'ठीक आहे' म्हणावं लागणार होतं, आणि मग तो टीशर्टवाला जुना रिसीव्हर उचलून नेणार.

काकू पदर सावरत फटीतून आत आल्या आणि त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"अगं," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. माझाच डावा कान गेलाय."

"हं," काकू म्हणाल्या.

"हं काय? काही वाटत नाही तुला?"

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"ती मोठी सर्कस आली होती ना, त्याच्या आसपास."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. पुष्कळदा सांगितलं."

"मी एकदाही ऐकलं नाही."

"डावीकडून सांगितलं."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकलेली गादी सरळ करत होती. हळूहळू त्यांच्या मनात एकेक गोष्ट उभी राहू लागली. स्वयंपाकघराच्या पिवळ्याधमक फरशा. उन्हाळाभर राहून गेलेली मेव्हणी. एक दिवस दारातून नाहीशी झालेली स्कूटर. प्रत्येक वेळी आपण चिडलो होतो आणि प्रत्येक वेळी ही शांतपणे म्हणाली होती, "तुम्हाला विचारूनच केलं. तुम्ही मान डोलावलीत."

"मी तालावर मान डोलावतो गं."

"तालावर का होईना, डोलावता ना."

"आणि हे लग्न?" काकांनी खाली बोट केलं. खालून जावयाचा आवाज येत होता. कुठून येतोय ते आता त्यांना पक्कं माहीत होतं.

"लग्नाचं दोनदा विचारलं होतं. लेकीचा प्रश्न होता, एकदा विचारून कसं चालेल? दोन्ही वेळा डोलावलीत."

"त्या वेळी कुठली रेकॉर्ड होती?"

"हीच. बासरीची."

काकांनी थोडा विचार केला. "यात तबला फार चांगला आहे."

"जावईही चांगला निघाला," काकू म्हणाल्या.

जिन्यात पावलं वाजली. दुकानाचा माणूस आणि जावई वर आले. दोघांचे चेहरे उतरलेले होते. साहेबांनाही काही कळलं नव्हतं. सात स्पीकरचं मोठं यंत्र लावून बघा, असं ते म्हणाले होते.

काका स्टुलावरून उठले, घसा साफ केला. बोलणं भाग होतं. "हे बघा, दोष यंत्रात नाही—"

"दोष या खोलीत आहे," काकू मध्येच म्हणाल्या. "जुनी खोली आहे ही, हिच्या भिंती ऐकत नाहीत. जावईबापू, तुम्ही ते यंत्र तुमच्या घरी लावून बघा. तुमच्याकडे पडून असलेला तो बिघडलेला टेप द्या बदल्यात."

लेक फटीतून पटकन म्हणाली, "मी पहिल्यापासून तेच म्हणत होते." ती पहिल्यापासून काहीच म्हणाली नव्हती. पण नवा रिसीव्हर दुकानात पाहिल्यापासून तिच्या मनात तो कुणाच्या घरी शोभत होता, हे जावयाला त्या क्षणी कळलं. तो सुटल्यासारखा हसला.

काका गप्प राहिले. दोष या खोलीत आहे, हे बाकी खरंच होतं. ते स्वतः खोलीतच उभे होते.

कपाट जागेवर गेलं, पडदा चढला, खोकी भरून गाडीत गेली. तिन्हीसांजेला जावयाचा फोन आला. काकांनी तो उजव्या कानाला लावला. "बाबा, इथे अगदी चहूबाजूंनी येतंय. तुमच्या घरातच काहीतरी आहे."

"आहे," काका म्हणाले.

खुर्ची पुन्हा कोपऱ्यात आली होती. काकांनी जुन्या रिसीव्हरचं बटण दाबलं, काचेमागे मधाचा दिवा सावकाश उजळला. लाकूड गरम झाल्याचा ओळखीचा वास आला. त्यांनी रेकॉर्ड पुसली. मागे वळून पाहिलं तर काकू आपली खुर्ची हातात धरून उभ्या होत्या.

"सकाळपासून तुम्ही मधोमध बसलात," त्या म्हणाल्या. "मला माझी जागाच कळेना. कुठे ठेवू?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, तेही उजवीकडून. काकांनी उजव्या बाजूची जागा नीट पाहिली. त्यांची खुर्ची आणि लाकडी स्पीकर यांच्यामध्ये एक खुर्ची अगदी छान बसली असती. तिथे बसून काकू जे बोलल्या असत्या त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला असता आणि बासरी त्या शब्दांच्या फटींतून जमेल तशी आली असती. काकांनी स्पीकरकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. पुन्हा स्पीकरकडे पाहिलं.

"तिकडे, खिडकीपाशी," ते म्हणाले. "उजेड चांगला आहे."

काकूंनी खुर्ची डावीकडे ठेवली. बाहेर अंधार पडत आला होता, पण त्या काही बोलल्या नाहीत. निदान काकांना तरी तसं वाटलं.

बासरी सुरू झाली. काकांनी खबरदारी म्हणून मान ताठ धरली. सुरुवातीला ते सोपं गेलं, कारण सुरुवातीला नुसते लांब लांब सूर होते. मग तबला आला. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, हनुवटी छातीशी टेकवली. तबला आधी जरा लांबून आला, मग जवळ आला आणि मग अशा काही नेमक्या जागी येऊन थांबला, की मान कधी डोलली ते त्यांना कळलंच नाही.

त्यांनी चटकन डावीकडे पाहिलं. काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली होती. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि कुणाला तरी फोन लावून हसत हसत काहीतरी पक्कं करू लागल्या.

काकांनी जड बटणावर हात ठेवला आणि आवाज थोडा वाढवला.